विजय कोणाचा?

मराठी भाषेला प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे लाभली आहेत. 'आम्ही' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला वगळतो. 'आपण' म्हणताना त्याला सामावून घेतो. 'आम्ही जेवायला बसतो' आणि 'आपण जेवायला बसू' या दोन वाक्यांमध्ये पंक्तीत पान न मांडले जाण्याचा आणि मांडले जाण्याचा फरक आहे. शेजारच्या तेलुगू भाषेतही 'मेमु' आणि 'मनमु' असा हाच भेद आढळतो. या शहराच्या दख्खनीत मात्र एकच 'हम' आहे, आणि त्या 'हम'मध्ये आपण धरलेले आहोत की नाही, हे ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या मुद्रेवरून ओळखायचे असते. तीन भाषांच्या सहवासात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या हैदराबादच्या मराठी कुटुंबांना हा भेद व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावा लागला नाही. तो त्यांच्या इतिहासानेच त्यांना शिकवला.

विजयाच्या क्षणी या दोन सर्वनामांचा हिशेब फार सैल होतो. दूरच्या मैदानावर कोणीतरी गोल करतो आणि गल्लीतला माणूस म्हणतो, 'आपण जिंकलो.' त्याने घाम गाळलेला नसतो, पहाटेचा सराव केलेला नसतो, त्याच्या पायाला साधे खरचटलेलेही नसते. तरीही त्याचे म्हणणे कोणाला खोटे वाटत नाही. मग प्रश्न असा उपस्थित होतो की, दुसऱ्याच्या यशाला आपले म्हणण्याचा अधिकार माणसाला कशाने प्राप्त होतो? रक्ताने, गावाने, धर्माने, की आणखी कशाने? हा प्रश्न खेळापुरता नाही. पण खेळात तो उघडा दिसतो, म्हणून आम्ही तो दोन संघांच्या दोन हंगामांच्या आधारे येथे मांडत आहोत. त्यांपैकी एक संघ आपल्याच शहरातला होता.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलिसांच्या फुटबॉल संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी, स्वातंत्र्यानंतर प्रथमच भरलेल्या दिल्लीच्या ड्युरँड चषक स्पर्धेत त्याने अंतिम सामन्यात मोहन बागानसारख्या बलाढ्य संघाला नमवले. देशातल्या जुन्या आणि मानाच्या दोन स्पर्धा, एकाच वर्षी, शिपायांच्या एका संघाने जिंकाव्यात, याचे फुटबॉलप्रेमी कलकत्त्यालाही नवल वाटले असणार. रोव्हर्स चषक या संघाने पुढे १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे आपल्याकडे ठेवला. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, मोईन ही नावे आज या शहरातल्या तरुणांना सांगावी लागतात. त्या काळी ती फतेह मैदानावर जमणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडी होती.

या संघामागे सय्यद अब्दुल रहीम हे गृहस्थ होते. त्यांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पेशाने शाळामास्तर. विद्यार्थिदशेत ते स्वतः फुटबॉल खेळले होते. चाळीसच्या दशकात त्यांनी सिटी पोलिसांच्या संघाची आणि शहराच्या फुटबॉल संघटनेची धुरा खांद्यावर घेतली आणि १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती खाली ठेवली नाही. त्यांची शिकवण्याची रीत मास्तराला शोभेल अशीच होती. ज्यांत खेळाडूने केवळ आपल्या कमजोर पायाने चेंडू मारायचा, अशा स्पर्धा ते भरवत. ज्यांत चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्यास मनाई, आलेला चेंडू लगेच सोबत्याकडे द्यायचा, अशाही स्पर्धा ते भरवत. आपले कौशल्य लोकांनी डोळे भरून पाहावे, हा प्रत्येक गुणी खेळाडूचा मोह असतो. रहीमसाहेबांनी त्या मोहावर नियमाचे कुंपण घातले. चेंडू आपल्यापाशी असतो तो दुसऱ्याला देण्यासाठी, एवढे एकच तत्त्व त्यांनी अनवाणी खेळणाऱ्या त्या पोरांच्या पायांत मुरवले.

आता त्या वर्षीची आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. ती आमच्या जन्माच्या आधीची आहे. पण वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की ती आमच्याच आठवणीत जमा झाली आहे. वडील त्या वेळी अठरा वर्षांचे. त्यांचे थोरले बंधू, आमचे थोरले काका, १९३८ च्या सत्याग्रहात काही महिने तुरुंगात राहून आलेले होते. संस्थानाच्या कोणत्याही गोष्टीला टाळी वाजवायची नाही, असा त्यांचा तेव्हापासूनचा नेम. संस्थान विलीन झाले तरी तो त्यांनी सोडला नव्हता. सिटी पोलिसांनी दिल्लीत चषक जिंकल्याची वार्ता आली तेव्हा वडील धावत घरी आले आणि म्हणाले, "दादा, आपण जिंकलो!" काकांनी वर्तमानपत्रातून डोके न काढता विचारले, "कोण आपण?" वडील गोंधळले. म्हणाले, "आपण म्हणजे हैदराबाद." काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. म्हणाले, "ते हरले असते तर तू घरी येऊन काय सांगितले असतेस? सिटी पोलीस हरले, असेच ना? मग जिंकतानाच तुझे आपण कोठून आले?"

वडिलांना त्या दिवशी उत्तर सुचले नाही. पुढेही सुचले नाही, असे ते प्रांजळपणे सांगत.

या संवादाची दाहकता समजण्यासाठी त्याची तारीख ध्यानात ठेवली पाहिजे. पोलीस कारवाईला जेमतेम दोन वर्षे झाली होती. रझाकारांच्या दहशतीत मराठी, तेलुगू, कानडी मुलखातल्या खेड्यांनी काय भोगले, हे आपल्या घराघरांत आजही सांगितले जाते; ते सांगितले जावे, यात वावगे काही नाही. परंतु सप्टेंबर १९४८ नंतरच्या काही आठवड्यांत मराठवाड्याच्या आणि कर्नाटकाच्या त्याच मुलखात निरपराध मुसलमानांवर जे ओढवले, ते आपल्या घरांत सहसा सांगितले जात नाही. नेहरूंच्या सांगण्यावरून गेलेल्या सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला होता. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. म्हणजे १९५० च्या त्या हंगामात मैदानावर उतरलेल्या संघातील बहुसंख्य खेळाडू अशा समाजाचे होते, ज्याने नुकतेच राज्यही गमावले होते आणि माणसेही गमावली होती. आणि मैदानाभोवती टाळ्या वाजवणाऱ्यांत ज्यांची जुनी जखम अद्याप ओली होती असेही लोक होते. 'कोण आपण?' हा प्रश्न त्यामुळे नुसता तिरकस नव्हता. तो त्या शहराचा त्या वर्षीचा खरा प्रश्न होता.

ज्या सुमारास हे घडत होते, त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एका संघापुढे हाच प्रश्न फार नेमक्या शब्दांत येऊन उभा राहिला. अमेरिकेत फुटबॉल या नावाने ओळखला जाणारा खेळ आपल्या फुटबॉलहून सर्वस्वी वेगळा. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचे, डोक्याला शिरस्त्राण आणि अंगाला अंग भिडवून अडवणूक. तेथे महाविद्यालयीन संघांच्या सामन्यांना आपल्याकडच्या क्रिकेटइतकी गर्दी लोटते. १९५१ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या, जेझुइट पाद्र्यांनी चालवलेल्या तुलनेने लहान संस्थेच्या, संघाने आपले नऊच्या नऊ सामने जिंकले. जो कुहारिच हे त्यांचे प्रशिक्षक. त्या संघातले तीन खेळाडू पुढे त्यांच्या व्यावसायिक खेळातील सर्वोच्च मानाच्या दालनात गेले, यावरून त्याच्या ताकदीची कल्पना यावी. हंगामाअखेर नववर्षाच्या सुमारास काही निवडक संघांना दक्षिणेकडच्या मोठ्या सामन्यांची निमंत्रणे जात. त्या सामन्यांतून मिळणारा पैसा लहान संस्थांना वर्षभर पुरत असे.

या संघाला निमंत्रण मिळण्याचा मार्ग मोकळा होता, मात्र एका अटीवर. संघात ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. मॅटसन तर त्या हंगामात चेंडू घेऊन देशात सर्वांत अधिक अंतर धावलेला खेळाडू. दक्षिणेत त्या काळी गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंनी एकत्र खेळणे मान्य नव्हते. तेव्हा या दोघांना घरी ठेवून या, असे सुचवण्यात आले. संघाने नकार दिला. खेळाडूंच्या पुढच्या आठवणींवरून दिसते की याविषयी मोठी चर्चा झाली नाही, मतदान झाले नाही, भाषणे झाली नाहीत. ती चर्चेची बाबच नव्हती. निमंत्रण हुकले, पैसा हुकला, आणि खर्च झेपत नाही म्हणून त्या हंगामानंतर विद्यापीठाने तो संघच बंद केला. अजिंक्य राहिलेला संघ पुढच्या वर्षी अस्तित्वातच नव्हता.

हे वाचताना कोणाही मराठी वाचकाला महाप्रस्थानाची कथा आठवावी. हिमालय चढून गेलेल्या युधिष्ठिरापुढे इंद्राचा रथ उभा राहतो. स्वर्गाचे निमंत्रण असते, पण अट अशी की बरोबरचा कुत्रा खाली ठेवावा लागेल. युधिष्ठिर म्हणतो, मग मलाही येणे नको. कीर्तनकार ही कथा येथे थांबवतात आणि श्रोते समाधानाने माना डोलावतात. परंतु त्याच कथेचा आधीचा भाग आम्हांला नेहमी अस्वस्थ करतो. वाटेत द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, भीम पडले, आणि प्रत्येक वेळी युधिष्ठिराने त्यांच्या पडण्याचे कारण सांगितले. तो मागे वळला नाही. शेवटी ज्याच्यासाठी तो अडून बसला, तो कुत्रा होता. स्वर्गाच्या दारात निष्ठा दाखवणे आणि वाटेवर थांबणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यासांना हे ठाऊक असावे. म्हणूनच पुढच्या पर्वात त्यांनी युधिष्ठिराला पुन्हा एकदा कसोटीला लावले आणि भाऊ ज्या नरकात आहेत तेथेच राहण्याचा निश्चय त्याच्या तोंडून वदवला. पहिली निष्ठा अपुरी होती, असाच याचा अर्थ नव्हे काय?

महाभारतातच 'आपण' घडवण्याची आणखी एक रीत सांगितली आहे. गंधर्वांनी दुर्योधनाला पकडून नेले तेव्हा वनवासी युधिष्ठिर भीमाला समजावतो की, आपसांत भांडताना आपण पाच आणि ते शंभर. परक्याशी गाठ पडली की आपण एकशे पाच. हा विचार उदात्त म्हणून सांगितला जातो, आणि काही अंशी तो तसा आहेही. पण या 'आपण'चे आयुष्य गंधर्व निघून जाईपर्यंतच असते. गंधर्व गेले आणि कुरुक्षेत्र झाले. शत्रू दिसताच जे जुळते, ते शत्रू दिसेनासा होताच उसवते. विजयाचेही तसेच आहे. चषक आला की शहर एक होते. चषक परत गेला की ज्याची त्याची गल्ली ज्याला त्याला आठवते.

मग टिकणारे 'आपण' कशाने घडते? आमचे उत्तर असे की, जेव्हा एखाद्याला वगळण्याची अट समोर येते, ती मान्य केल्यास लाभ निश्चित असतो, आणि तरीही माणसे ती नाकारतात, तेव्हा ते घडते. रक्त, गाव, भाषा ही त्याची सामग्री असेल. त्याची कसोटी मात्र मोजलेल्या किमतीत आहे. ही किंमतही यशाच्या आधी मोजलेली असावी लागते. यश मिळाल्यावर वाटलेल्या पेढ्यांचा हिशेब तिच्यात धरता येत नाही.

याचे आपल्या भाषेतले एक उदाहरण १९५२ सालचेच आहे. खाशाबा जाधव हेलसिंकीला कुस्ती खेळायला निघाले तेव्हा त्यांच्याकडे प्रवासाला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या या माजी विद्यार्थ्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले. खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले आणि शंभरहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. मिरवणुकीत नाचणाऱ्या प्रत्येकाने 'आपण जिंकलो' म्हटले असेल. पण खाशाबा रिकाम्या हाताने परतले असते तर 'आपण हरलो' असे म्हणण्याचा अधिकार फार थोड्यांना असता, आणि ज्याचे घर गहाण होते तो त्यांत पहिला.

त्याच हेलसिंकीत सॅन फ्रान्सिस्कोचा तो ऑली मॅटसनही होता. धावपटू म्हणून तो आपल्या देशाकडून उतरला आणि एक रौप्य, एक कांस्य घेऊन परतला. दक्षिणेतल्या एका मैदानावर ज्याचे पाऊल नको होते, त्याची पदके मात्र साऱ्या देशाने आपली म्हटली! आणि रहीमसाहेबांचा भारतीय संघही तेथे होता. बहुतेक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक अशा फरकाने हरले. आदल्याच वर्षी, मार्च १९५१ मध्ये, नवी दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली, हैदराबादच्या खेळाडूंसह, भारताने सुवर्णपदक जिंकले होते. येथे एक गोष्ट आपल्या देशाच्या बाजूने नोंदवली पाहिजे. हैदराबाद विलीन होऊन अडीच वर्षे होत होती. तरीही भारताचा संघ निवडताना या खेळाडूंपुढे कोणी अट ठेवली नाही. अमेरिकेत ज्या वर्षी दोघांना मागे ठेवा असे सांगितले गेले, त्या वर्षी भारताने काल परक्या राज्याच्या गणवेशात असलेल्यांना आपला गणवेश दिला. नव्या प्रजासत्ताकाने केलेल्या चांगल्या गोष्टींत आम्ही हिची गणना करतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला, आणि आपण ज्या शहरात राहत होतो ते आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन असे हरवले. मूळचे गोव्याचे, मुंबईचे नेव्हिल डिसूझा यांनी त्यांतले तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला आशियातला तो पहिला संघ. त्यात तुळसीदास बलराम यांच्यासह हैदराबाद-सिकंदराबादचे अनेक खेळाडू होते. इतकेच नव्हे, तर हैदराबाद हे राज्य नकाशावरून पुसले गेल्यावरही त्याच नावाच्या संघाने त्या मोसमाचा आणि पुढच्या मोसमाचा संतोष चषक जिंकला. राज्य गेले होते, संघ उरला होता.

आमच्या घरापुढे तेव्हा प्रश्न होता, तो अनेक वाचकांच्या घरांपुढे असेल: येथे राहायचे की मराठी राज्यात जायचे? औरंगाबादला काकांचे स्नेही होते, नोकरीचीही सोय होती. काका गेले नाहीत. का गेले नाहीत, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. परंतु वडील एक आठवण सांगत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उपांत्य सामन्याची वार्ता आली. भारताने आधी आघाडी घेतली होती, पण अखेरीस युगोस्लाव्हियाने चार विरुद्ध एक असा विजय मिळवला. काका वर्तमानपत्र वाचून झाल्यावर घडी घालता घालता म्हणाले, "आपण हरलो." सहा वर्षांपूर्वीचा प्रश्न वडिलांच्या ओठांवर आला होता, त्यांनी तो विचारला नाही. यावरून काकांचे मतपरिवर्तन झाले, असे आम्ही म्हणणार नाही. ते पुढेही कधी मैदानावर गेले नाहीत. पण आपल्याच प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या परीने शोधले असावे. ज्याच्या पराभवात तुम्ही आहात, त्याच्याच विजयात तुम्हांला जागा आहे, एवढे ते उत्तर होते.

आम्ही राज्य सरकारच्या सेवेत आयुष्य काढले, त्यामुळे 'आपण' कोण हे कागदावर कसे ठरते, याची आम्हांला चांगली ओळख आहे. निजामाच्या काळात १९१९ साली मुल्की नियम झाले; पंधरा वर्षांचे वास्तव्य असेल तो मुल्की, नसेल तो गैरमुल्की. त्या एका शब्दावरून या शहरात १९५२ मध्ये, १९६९ मध्ये आणि १९७२ मध्ये रक्त सांडले. पुढे स्थानिक उमेदवाराचे दाखले आले, आणि २०१४ साली राज्याची पुन्हा विभागणी झाली. नियम लागतात, आणि अनेकदा त्यांच्यामागे न्याय्य तक्रार असते, हे आम्ही नाकारत नाही. मात्र दाखल्याने नोकरीचा हक्क ठरतो, आपलेपण ठरत नाही. ते ज्याचे त्यालाच सिद्ध करावे लागते, आणि पुन्हा पुन्हा करावे लागते.

कोणी म्हणेल, सॅन फ्रान्सिस्कोच्या तरुणांची गोष्ट फार गोड करून सांगितली जाते. त्यांना पुढे कीर्ती मिळालीच की! कीर्ती मिळाली, पण ती फार उशिरा, आणि नकार देताना ती दिसत नव्हती. बर्ल टोलर गुडघ्याच्या दुखापतीमुळे व्यावसायिक खेळाडू झालाच नाही. तो शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ मध्ये त्या व्यावसायिक खेळातला पहिला कृष्णवर्णीय पंच. ज्याला एका सामन्यातून वगळू पाहिले, तो पुढे सामन्यांचा न्याय करू लागला. परंतु तसे झाले नसते, तो अज्ञात मास्तर म्हणूनच जगला असता, तरी त्याच्या सोबत्यांचा नकार रतिभरही कमी योग्य ठरला नसता. नीतीचा हिशेब फळावरून मांडायचा नसतो, हे गीता वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

रहीमसाहेबांचा शेवटचा मोठा विजय जकार्ताचा. ४ सप्टेंबर १९६२ रोजी आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असे हरवले. इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेतून वगळल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने जाहीर नापसंती दर्शवली होती, म्हणून सारे स्टेडियम भारताच्या विरुद्ध गर्जत होते. त्या गर्जनेत भारतासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता, असे आपल्या खेळाडूंनी पुढे सांगितले. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगांनी आघाडीवर खेळून गोल केला. कर्करोगाने पोखरलेले रहीमसाहेब बाहेर बसून पाहत होते. पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ रोजी, ते गेले.

अलीकडे, २०२४ साली, त्यांच्यावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला. आमच्या ओळखीच्या अनेक मराठी घरांनी तो पाहिला आणि अभिमानाने सांगितले की, हे आपल्या हैदराबादचे. आम्हीही सांगितले. पण त्या रात्री काकांचा प्रश्न पुन्हा कानांत घुमला. रहीमसाहेब आपले, मग ते ज्या गल्ल्यांतून शाळेत जात, त्या गल्ल्यांतले आजचे मास्तर आपल्याला माहीत आहेत काय? शालीबंडा, हुसेनी आलम सोडून आपली बहुतेक कुटुंबे मुसी ओलांडून आली त्याला आता कित्येक वर्षे झाली. त्या बाजूला आपण लग्नाच्या बांगड्या घ्यायला जातो आणि पाहुण्यांना चारमिनार दाखवायला जातो. आपला वरचा मजला भाड्याने द्यायचा असतो तेव्हा आपण नाव विचारतो, आणि नावावरून काही मनात ठरवतो. तेथे कोणी आपल्यापुढे लेखी अट ठेवत नाही. ती आपण स्वतःच घालतो आणि स्वतःच पाळतो. दुसरीकडे, या शहराने आपल्या भाषेला, शाळांना, सणांना जागा द्यावी, आपल्याला 'मनमु' म्हणावे, ही अपेक्षा मात्र आपण सोडत नाही. ती रास्त अपेक्षा आहे. परंतु जो 'मनमु'ची अपेक्षा करतो त्याने आधी आपल्या 'आम्ही'ची दारे तपासून पाहावीत.

हा लेख आम्ही 'आम्ही' या पदाने लिहिला, कारण मराठी निबंधाची ती जुनी रीत आहे. लिहिता लिहिता काही ठिकाणी नकळत 'आपण' आले आहे. ते खोडावे की ठेवावे, याचा आम्ही थोडा विचार केला आणि ठेवले. वाचकांनी त्यांत स्वतःला धरायचे की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. आमच्या काकांना ते ठरवायला सहा वर्षे लागली होती.